रविवारचं मटण बुधवारपर्यंत: घरात मांस कसं ठेवायचं आणि खराब झालेलं कसं ओळखायचं

माझा भाचा कोरेगावहून घणसोलीला नोकरीसाठी आला, त्याला आता दीड वर्ष होईल. तिघा मित्रांत एक वन बीएचके, एक शेगडी आणि घरमालकाने ठेवलेला एक जुना एकदारी फ्रिज. पहिल्याच महिन्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "मावशी, रविवारचं चिकन आहे फ्रिजमध्ये. आज बुधवार. वास तर काही येत नाहीये. करू का?"

मी नको म्हटलं. त्याला ते पटलं नाही. वास नाही, रंग ठीक आहे, मग टाकायचं कशासाठी? पहिला पगार व्हायचा होता आणि विकत आणलेलं चिकन कचऱ्यात घालणं कोणाच्याही जिवावर येतं. त्या रात्रीपासून त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यानं जे सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे. ऐरोली, घणसोली, कळवा, घोडबंदर रोड अशा ठिकाणी पहिल्यांदाच स्वतःचं घर चालवणारी, गावाकडे मटण आणल्याबरोबर चुलीवर चढलेलं पाहिलेली आणि आता आठवड्याचं एकदम आणून ठेवावं लागणारी मुलं-मुली डोळ्यांसमोर ठेवून.

आधी एवढं समजून घ्या

मांसावर दोन तऱ्हेचे जिवाणू वाढतात. एक कुजवणारे. आंबूस वास, चिकटपणा, बुळबुळीत थर ही सगळी त्यांची करणी, आणि ते फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढत राहतात. दुसरे आजारी पाडणारे, म्हणजे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर वगैरे. हे आजारी पाडण्याइतके असले तरी मांसाला वास येत नाही, रंग बदलत नाही, चवही बिघडत नाही. म्हणून घाण वास आला तर मांस टाकायचंच. पण वास आला नाही एवढ्यावरून ते खायला हरकत नाही असं ठरवता येत नाही. या दुसऱ्या तऱ्हेचा पत्ता नाकाला लागत नाही. त्यासाठी तास मोजावे लागतात.

मोजायचं ते असं. ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या सोयीचा पट्टा. त्यात मनासारखी ऊब मिळाली की काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे तीन तासांत पाचशेबारा, चार तासांत चार हजारांच्या वर. त्यामुळे कच्चं असो की शिजवलेलं, मांस फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात ठाण्याची दुपार ३२ च्या खाली क्वचितच असते. म्हणून आपल्याकडे सरळ एक तास धरून चालावं. 'एकूण' म्हणजे दुकानातून घरी यायला लागलेला वेळ, ओट्यावर ठेवून फोनवर बोलण्यात गेलेला वेळ, सगळं धरून.

दुकानातून घरी आणताना

मटण-चिकन ही बाजारातली शेवटची खरेदी. आधी भाजी, किराणा, मग खाटिकाकडे आणि तिथून थेट घर. सोबत स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. काळ्या पिशवीत मांसाचं रक्त-पाणी तळाशी साचतं, गळून भाजीला लागतं आणि आतली ऊबही कोंडून राहते. रात्री फ्रीझरमध्ये पाण्याची एक बाटली गोठवून ठेवली आणि सकाळी डब्याशेजारी पिशवीत टाकली तरी पुष्कळ फरक पडतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी तर ही सवय लावूनच घ्यावी. अर्ध्या तासाच्या रस्त्याचा दीड तास कधी होईल ते तिथे सांगता येत नाही. आणि स्कूटरच्या डिकीत मांस ठेवू नका. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी चांगलीच तापते.

चिकन समोर कापून घेतलं की ते ताजंच, ही समजूत बरोबर आहे, पण अर्धी. जिवंत कोंबडीचं अंग साधारण ४१ अंश गरम असतं. म्हणजे नुकतं कापलेलं चिकन तुमच्या हातात पडतं तेव्हा ते त्या सोयीच्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर असतं. ते जितकं ताजं, तितकी ते थंड करायची घाई जास्त.

मटणाचं थोडं वेगळं आहे. बोकड कापल्यावर काही तासांत मांस आखडतं आणि नंतर गारव्यात दिवसभर राहिलं की पुन्हा सैल पडतं. आखडण्याआधीच ते फ्रीझरमध्ये कोंबलं तर तंतू कायमचे ताठ राहतात आणि मग कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, चावताना दात दुखतात. पहाटे कापलेलं मटण सकाळी आठला आणलं असेल, तर आधी एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा, मग हवं तर फ्रीझ करा. खाटिकाला विचारायला लाजू नका, "भाऊ, हे कधीचं आहे?" नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर तो खरं सांगतो. तरी आपणही बघावं. मटण उघड्यावर दुपारपर्यंत टांगलेलं आहे का, त्यावर माशा आहेत का, कापायचा ठोकळा नि सुरा पुसला-धुतला जातो का. मी रविवारी साडेसात-आठलाच जाते. गर्दी कमी असते आणि माल उन्हात तापलेला नसतो.

धुवायचं की नाही

यावर आमच्या घरात वाद झालेले आहेत. माझ्या सासूबाईंना चार पाण्यांनी धुतल्याशिवाय मटण शिजवणं म्हणजे पाप वाटायचं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या काळी मांस पानात बांधून यायचं, त्याला माती, केस, हाडांचे कण चिकटलेले असत. पण धुतल्यानं जिवाणू जात नाहीत, ते शिजवल्यानं मरतात. आणि नळाच्या धारेखाली चिकन धरलं की बारीक शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. चिकन शिजेल, कोथिंबीर मात्र कच्चीच खाल्ली जाईल.

न धुता कागदी रुमालानं टिपून घेणं सगळ्यात बरं. मनाला पटतच नसेल तर नळाखाली धरू नका. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, त्यात तुकडे हलकेच बुडवून काढा, पाणी सावकाश सिंकमध्ये सोडा आणि मग सिंक, पातेलं, हात साबणानं घासून घ्या. हात निदान वीस सेकंद. आणखी एक, आधी धुऊन मग फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. ओलं मांस लवकर बुळबुळीत होतं. धुवायचंच तर शिजवायच्या आधी.

मांसाचा विळा किंवा सुरी-पाट वेगळा ठेवता आला तर उत्तम. एकच असेल तर सॅलड आधी कापा, मांस नंतर.

फ्रिजमध्ये नेमकं कुठे

फ्रिज ४ अंश किंवा त्याहून थंड हवा. आतल्या गोल बटणावरचे १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत. बहुतेक एकदारी फ्रिजमध्ये आकडा मोठा म्हणजे थंडी जास्त, एवढाच त्यांचा अर्थ. फ्रिजचा छोटा थर्मामीटर बाजारात मिळतो. तो पाण्याच्या पेल्यात उभा करून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. भाच्याच्या फ्रिजमध्ये तो ९ अंश दाखवत होता! दाराचं रबर सैल झालं होतं. घरमालकाने रबर बदलून दिलं, तेव्हा तो ४ वर आला. त्याआधी त्यांचं दूध का नासायचं हेही त्या पोरांना तेव्हा कळलं.

कच्चं मांस सगळ्यात खाली, भाजीच्या खणाच्या वरच्या कप्प्यात, मागच्या बाजूला आणि काठ असलेल्या डब्यात. खाली यासाठी की गळलं तर शिजवलेल्या अन्नावर, दह्यावर, चिरलेल्या काकडीवर पडू नये. एकदारी फ्रिजला फ्रीझरखाली चिलर ट्रे असतो, तो जास्त थंड असतो. तिथेही चालेल, पण डबा गळका नको. दारात कधीही ठेवू नका. दार दर वेळी उघडतं आणि तोच भाग आधी तापतो.

आता किती दिवस. ४ अंशांचा फ्रिज धरून: चिकन एक, फार तर दोन दिवस. खिमा, कलेजी, भेजा, वजडी यांनाही तेवढेच, शक्यतो दुसऱ्या दिवशी संपवा. मटणाचे मोठे तुकडे, चाप, मांडी तीन दिवस राहतात. खिमा लवकर का जातो? अखंड तुकड्यावर जिवाणू बहुतेक वरच्या पृष्ठभागावरच असतात. खिमा करताना ते आत-बाहेर सगळीकडे मिसळतात. म्हणून दुकानातून खिमा करून आणून ठेवण्यापेक्षा, मांसाचे तुकडे आणून शिजवायच्या दिवशी घरी खिमा केलेला बरा.

हळद-मीठ लावलं, दही-आलं-लसूण लावलं म्हणजे मांस टिकतं, असं पुष्कळजण मानतात. आपण लावतो तेवढ्या हळद-मिठानं काही टिकत नाही. चव आणि मऊपणा येतो, बस. मसाला लावलेल्या चिकनलाही तेच दोन दिवस.

घरपोच येणाऱ्या बंद पाकिटांवर शेवटची तारीख छापलेली असते. ती तारीख पाकीट सतत थंड राहिलं तरच लागू पडते. डिलिव्हरीवाल्याने दुपारी दारात ठेवलं आणि तुम्ही संध्याकाळी कामावरून येऊन उचललं, तर छापलेल्या तारखेला अर्थ उरत नाही. मागवताना घरी असाल अशीच वेळ निवडा, पाकीट हाताला गार लागतंय का बघा आणि कोमट असेल तर घेऊ नका, परत करा.

फ्रीझर: आठवड्याचं एकदम आणणाऱ्यांसाठी

फ्रीझर उणे १८ अंश असावा. जुन्या एकदारी फ्रिजचा फ्रीझर अनेकदा तेवढा थंड होत नाही. घरगुती परीक्षा म्हणजे आईस्क्रीम. ते दगडासारखं घट्ट राहत असेल तर फ्रीझर ठीक. चमचा सहज रुतत असेल तर त्यात महिनोन्महिने मांस साठवायचा विचार सोडा, आठवडाभरात संपेल एवढंच ठेवा.

ठेवताना एका वेळेला लागेल तेवढं वेगळं करा. दोघा-तिघांसाठी अर्धा-अर्धा किलो. झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि पिशवी आडवी करून बोटभर जाडीची चपटी करा. चपटी पिशवी झटकन गोठते. हळूहळू गोठलेल्या मांसात बर्फाचे मोठे खडे होतात, ते तंतू फाडतात आणि वितळल्यावर सगळा रस पाण्यासारखा बाहेर येतो. दोन किलोचा एकच गोळा करून ठेवणारे मग म्हणतात, फ्रीझरच्या मटणाला चव नसते. पिशवीवर मार्करने तारीख घाला. ही एक सवय लावली तर अर्धे प्रश्न सुटतात.

नीट गोठलेलं चिकन कापून ठेवलं असेल तर नऊ महिने, मटणाचे तुकडे चार-सहा महिने सहज, खिमा तीन-चार महिने चांगला राहतो. उणे १८ खाली जिवाणू वाढत नाहीत, त्यामुळे याहून जुनं मांस धोक्याचं होतं असं नाही, चव आणि पोत मात्र उतरतो. पांढरट-करडे कोरडे डाग पडले तर ती थंडीने सुकलेली जागा. तेवढं कापून टाका, बाकीचं वापरा. पण गोठवल्यानं जिवाणू मरत नाहीत, झोपतात. मांस वितळलं की ते जागे होतात आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करतात.

म्हणूनच सकाळी ऑफिसला जाताना चिकन ओट्यावर काढून ठेवायचं आणि संध्याकाळी येऊन करायचं, हे बंद करा. बाहेरचा भाग दोन तासांत कोमट होतो आणि आत बर्फ तसाच असतो. आदल्या रात्री पिशवी खोलगट ताटलीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोची चपटी पिशवी तासाभरात मोकळी होते. मायक्रोवेव्हही चालेल, पण मग लगेच शिजवायचं. कोमट पाण्यात मात्र नको.

फ्रिजमध्ये वितळलेलं, थंड राहिलेलं मांस बेत बदलला म्हणून पुन्हा गोठवता येतं, चव थोडी जाते. पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये किंवा ओट्यावर वितळलेलं कच्चं परत फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. ते शिजवा.

शिजवल्यानंतरचं पातेलं

हे मी जास्त सविस्तर सांगणार आहे, कारण आमच्या घरी जे झालं ते इथेच झालं.

काही वर्षांपूर्वीची आषाढातली गोष्ट. गटारीच्या आदल्या रात्री पाहुणे होते, तीन किलो मटणाचा रस्सा केला. जेवणं होईस्तोवर अकरा वाजले. अर्धं पातेलं उरलं होतं. गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, फ्रिज खराब होतो, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून झाकण घालून पातेलं ओट्यावरच ठेवलं, गार झालं की आत ठेवू म्हटलं आणि सगळे झोपलो. सकाळी आठवलं. झाकण काढून वास घेतला. खमंग, रात्रीपेक्षा मुरलेला! दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे ठेवताही येणार नाही. एवढं मटण टाकवेना. खळखळून दहा मिनिटं उकळलं आणि दुपारी आम्ही चौघांनी जेवून संपवलं.

तीन तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या, चौघांनाही. सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. रात्री त्यांना दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी काय खाल्लं, किती वाजता, ते कुठे ठेवलं होतं, सगळं विचारलं. मी पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "पण डॉक्टर, मी चांगलं उकळलं होतं." तेव्हा त्यांनी समजावलं की काही जिवाणू अन्नात वाढताना विष सोडतात. उकळल्यावर जिवाणू मरतात, ते विष उकळीनं जात नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस त्यातला एक. तो आपल्या हातांवर, नाकात असतो आणि आपण जेवण वाढताना-चाखताना अन्नात उतरतो. भातात बॅसिलस सेरियस असंच करतो, म्हणून रात्रभर बाहेर राहिलेल्या बिर्याणीचा धोका दुहेरी.

मोठ्या पातेल्यातला घट्ट रस्सा मध्यापर्यंत गार व्हायला कित्येक तास लागतात. त्या वेळात तो ६० पासून खाली उतरत त्या सगळ्या पट्ट्यातून सावकाश जातो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू तर शिजवण्यातूनही वाचतात आणि अशा कोमट, झाकलेल्या पातेल्यात पुन्हा उगवतात. लग्नाकार्यातल्या मोठ्या टोपांतल्या मटणानं पंगतच्या पंगत आजारी पडते, ती बरेचदा यामुळे.

आता मी काय करते ते सांगते. जेवायला बसायच्या आधीच उद्यासाठीचं वेगळं काढते. दोन-तीन पसरट डब्यांत, दोन-अडीच इंचांपेक्षा खोल नाही. परातीत थंड पाणी, बर्फ असेल तर तोही, आणि त्यात डबे ठेवून मधूनमधून ढवळते. अर्ध्या-पाऊण तासात वाफ जाते, डबा हाताला कोमट लागतो. मग तो फ्रिजमध्ये. कोमट डब्यानं आजचा फ्रिज बिघडत नाही. कढत पातेलं मात्र ठेवू नये, त्यानं शेजारचं दूध-दही तापतं. असं ठेवलेलं शिजवलेलं मटण-चिकन तीन दिवस राहतं, फार तर चौथा. खाताना लागेल तेवढंच काढून मधोमध खळखळ उकळी येईपर्यंत गरम करायचं, आणि ते पुन्हा परत ठेवायचं नाही. सगळं पातेलं रोज काढून, गरम करून, गार करून पुन्हा आत ठेवण्यानं दर वेळी ते त्याच पट्ट्यातून दोनदा जातं.

शिजण्याबद्दल थोडक्यात. रस्सा उकळतो, त्याची चिंता कमी. काळजी तव्यावरच्या तंगडीची आणि कबाबांची. चिकनचा सगळ्यात जाड भाग आतून ७४ अंशांना पोचायला हवा, मटणाचा खिमा ७१ ला. टोचायचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. रंगावर जाऊ नका. कोवळ्या कोंबडीचं हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही लालसर दिसतं.

पावसाळ्यात वीज गेली तर

दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. चार तासांपेक्षा जास्त वीज नसेल तर फ्रिजमधलं कच्चं मांस, शिजवलेलं मांस टाकावं लागतं. फ्रीझरमधल्या मांसात बर्फाचे कण अजून जाणवत असतील तर ते पुन्हा गोठवता येतं.

गावी जाताना एक युक्ती करून जा. वाटीत पाणी गोठवा, त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मध्ये वीज जाऊन सगळं वितळलं होतं आणि तुम्ही यायच्या आत पुन्हा गोठलं. मांस दिसायला अगदी चांगलं असेल, तरी ते टाका.

खराब झालेलं ओळखायचं कसं

आधी तारीख. पिशवीवर लिहिलेली, नाहीतर आठवून. मुदत उलटली असेल तर पुढची परीक्षा घ्यायचीच नाही. मुदतीत असेल तर नाक, बोट आणि डोळे या क्रमानं. डोळे शेवटी, कारण रंग सगळ्यात जास्त फसवतो.

ताज्या मांसाला वास असतोच. मटणाचा रानवट, चिकनचा जवळजवळ नाही. आंबूस, अमोनियासारखा नाकात चढणारा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला की संपलं. बंद पाकीट फोडल्याबरोबर एक कोंदट भपका येतो, त्याने घाबरू नका. पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा. वास गेला तर तो कोंडलेल्या हवेचा होता, राहिला तर मांसाचा. सर्दी झाली असेल तर दुसऱ्या कोणाला तरी हुंगायला सांगा. मसाला लावलेल्या मांसाचा वास कळत नाही, तिथे फक्त तारखेवर जा.

बोट लावून बघा. ताजं मांस ओलसर असतं पण बोट स्वच्छ निघतं, आणि दाबलेला खळगा पुन्हा भरतो. बोटाला चिकट, तार सुटल्यासारखं, शेवाळलेल्या दगडासारखं बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे. तो धुऊन जातो, आणि इथेच माणसं चुकतात. व्हिनेगरनं, लिंबानं, हळदीनं चोळून धुतलं की वासही जातो. मांस मात्र तेच राहतं.

रंग. मटण कापल्या-कापल्या जांभळट, हवा लागली की लालभडक, आणि फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांत तपकिरी. मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याचा प्राणवायूशी जसा संबंध येतो तसा हा रंग बदलतो. नुसतं तपकिरी झालं म्हणून टाकू नका. एकावर एक ठेवलेल्या तुकड्यांची मधली बाजू तर हमखास काळपट दिसते. पण हिरवट झाक, राखाडी-हिरवे ठिपके, बुरशी किंवा चिकन पिवळट-करडं पडून वर चिकट, हे वाईट. फुगलेलं पाकीट तर उघडूसुद्धा नका. आणि चाखून बघायचं नाही, एवढासा तुकडासुद्धा.

मासळीला वेगळे नियम

मासे चिकनपेक्षाही नाजूक. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळणींकडून घेताना बघा: डोळे फुगीर नि पाणीदार, कल्ला लाल, खवले घट्ट, आणि बांगडा डोक्याकडून आडवा धरला तर शेपूट लोंबत नाही. कोळंबीचं डोकं काळं पडून सैल झालं असेल तर सोडून द्या. मासे साफ करून, आतडी काढून, त्याच दिवशी करा. फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन. फ्रीझरमध्ये बांगड्यासारखा तेलकट मासा दोन-तीन महिनेच.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्याबाबत एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. हे मासे उन्हात-ऊबेत राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. तळून, उकळून, गोठवून ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक समजतात माशाची ॲलर्जी झाली. बर्फाशिवाय दुपारपर्यंत टोपलीत पडलेले हे मासे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात बरीच मासळी शीतगृहातून आलेली आणि पाटीवर वितळलेली असते. ती घरी आणून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवू नका, त्या दिवशीच करा.

सुकी मासळी, सोडे, सुकट यांना फ्रिज लागत नाही, कोरडा घट्ट डबा लागतो. पावसाळ्यात त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली तर ऊन दाखवून वापरू नये.

खराब निघालं, किंवा खाऊन झालं

कागदात नि मग पिशवीत नीट गुंडाळा आणि गाडी यायच्या वेळी ओल्या कचऱ्यात द्या. सोसायटीखालच्या कुत्र्या-मांजरांना घालू नका. आपल्याला नको ते त्यांनाही बाधतं, आणि त्यांना कोणी डॉक्टरकडे नेत नाही. डबा, कप्पा, ओटा साबणाच्या गरम पाण्यानं धुवा. कापडाच्या फडक्यापेक्षा कागदानं पुसा, नाहीतर फडकं लगेच उकळा.

चुकून खाल्लं गेलं तर उलटी-जुलाबात पाणी कमी पडू देऊ नका. ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, घोटाघोटानं. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने घेऊ नका. शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न ठरणं, लघवी कमी होणं किंवा तीन दिवसांवर गेलेले जुलाब, यातलं काहीही झालं तर थेट डॉक्टर. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा मधुमेह-कॅन्सरचं कोणी असेल तर एवढीही वाट बघू नका. आणि जाताना लिहून न्या: काय खाल्लं, ते किती वाजता शिजवलं, किती वेळ बाहेर होतं, खाल्ल्यावर किती तासांनी त्रास सुरू झाला आणि घरातल्या कोणाकोणाला झाला. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.